चालकाची नजर आणि गाडीतील बटणे

म्हाप्रळहून मंडणगडकडे येणाऱ्या शेनाळे घाटात आषाढातला पाऊस सुरू झाला, म्हणजे गाडीची काच आतून धुरकटते. चालकाला वायपरचा वेग वाढवावयाचा असतो, काचेवर वारा सोडावयाचा असतो, आणि नेमक्या त्याच वेळी वळणावर समोरून गाडी येते. हात बटण शोधीत असता त्याची नजर कोठे असते, हा प्रश्न घाटात जिवाचा आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी दोन सेकंदांत सुमारे २२ मीटर पुढे जाते. एसटीच्या दोन गाड्यांच्या लांबीएवढे हे अंतर चालक रस्ता न पाहताच कापतो.

जुन्या गाड्यांतील खटके अंधारातही बोटांना सापडत. अनेक नव्या गाड्यांत त्यांची जागा काचेच्या पडद्याने घेतली आहे. या पडद्याला उंचसखलपणा नसल्याने बोटाआधी डोळा तेथे न्यावा लागतो. मग कोणती रचना बरी, हे ठरवावे कसे? खऱ्या घाटात, प्रवाशांचा जीव पणाला लावून तर नव्हेच. येथे सिम्युलेटर कामास येतो. बंद खोलीत खुर्ची, स्टिअरिंग व पायातले दांडे, आणि समोर पडद्यावर धावणारा रस्ता. चालकाला एखादे बटण दाबण्यास सांगतात. नजर किती वेळ ढळली, गाडी आपल्या पट्ट्यातून किती सरकली, ब्रेक किती उशिरा लागला, याची नोंद यंत्र ठेवते. अपघात झालाच, तर गाडी पुन्हा आरंभापासून सोडावयाची!

अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा प्रशासनाने २०१३ साली अशा चाचणीसाठी ऐच्छिक मर्यादा सुचविल्या. त्यानुसार एका वेळी नजर साधारणतः दोन सेकंदांहून अधिक ढळू नये आणि संपूर्ण काम मिळून ती बारा सेकंदांत आटोपावी. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी सिम्युलेटरवर मोबाइलचा परिणाम तपासला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पादचारी आडवा आला असता साध्या संभाषणाने चालकाच्या प्रतिसादाचा वेळ ४० टक्क्यांनी, तर गुंतागुंतीचा संदेश लिहिताना २०४ टक्क्यांनी वाढला.

यंत्राला मर्यादाही आहेत. खोलीत मरणाची भीती नसते, आणि काहींना मळमळते. म्हणून दोन रचनांपैकी सरस कोणती, हे ते जितक्या खात्रीने सांगते, तितक्या खात्रीने प्रत्यक्ष रस्त्यावरील नेमका आकडा सांगू शकत नाही. शिवाय पडद्यावरचा रस्ता सरळ, कोरडा आणि परदेशी असला, तर त्यावरचा निकाल कोकणातल्या चालकाला कितपत लागू पडावा? चाचणीत धुके हवे, अरुंद वळण हवे आणि रस्त्यात बसलेली गुरेही हवीत.

गावासाठी रुग्णवाहिका किंवा शाळेसाठी गाडी घेताना मात्र एक छोटी परीक्षा कोणालाही घेता येईल. गाडी उभी असताना नेहमीच्या चालकाला डोळे मिटून बसवावे, आणि वायपर, हॉर्न, दिवा व काचेवरचा वारा ही चारही बटणे त्याच्या हाताला सापडतात का, ते पाहावे.