विजेची सायकल आणि कामगाराची वही

पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे सकाळी वाहणारा सायकलींचा लोंढा ज्यांनी पाहिला, त्यांना हे बिरुद कधी अतिशयोक्त वाटले नाही. पुढे शहर पसरले, कारखाने चाकण-रांजणगावाकडे सरकले आणि कामगार मोटारसायकलीच्या हप्त्यांत अडकला. आता त्याच्यापुढे विजेवर चालणारी सायकल आली आहे. श्रीमंतांचे खेळणे म्हणून तिला नाक मुरडणे जितके उथळ, तितकेच तिला पर्यावरणाची तारणहार ठरविणेही उथळ होय. तिचा हिशेब कामगाराच्या वहीत मांडला पाहिजे.

भोसरीत खोली घेऊन राहणाऱ्या आणि चाकणला कंत्राटावर काम करणाऱ्या तरुणाचे उदाहरण घ्यावे. जाऊन-येऊन त्याला बत्तीस-चौतीस किलोमीटर पडतात. मोटारसायकलीला एवढ्या अंतरासाठी दोन-तृतीयांश लिटर पेट्रोल लागते. लिटरचा भाव शंभरापलीकडे असल्याने २६ दिवसांचे १८०० रुपये सहज उडतात. विजेच्या सायकलीच्या साधारण बॅटरीत युनिटचा तिसरा हिस्सा वीज मावते. घरमालकाने दहा रुपये युनिट लावले, तरी महिन्याची वीज शंभर रुपयांच्या आत! विक्रेत्याचा हिशेब येथेच संपतो. तथापि बॅटरी सुमारे पाचशे वेळा भरली की थकू लागते. रोज भरल्यास ही वेळ दोन वर्षे पुरी होण्याआधीच येते आणि नवी बॅटरी दहा हजारांच्या आसपास पडते. म्हणजे दरमहा पाचशे रुपये वेगळे काढून ठेवणे आले. एवढे धरूनही खर्च पेट्रोलच्या एक-तृतीयांशाच्या आसपासच राहतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

परंतु त्यात एक अट दडलेली आहे. एका भरणीत हे अंतर कापायचे तर पायडल मारीत राहावे लागते. नुसत्या मोटरवर विसंबल्यास ती परतीच्या वाटेवर, मोशीच्या आसपास, मान टाकील. यंत्रापुढे पाळी उभी काढलेल्या पायांकडून ही अपेक्षा करणे सोपे नाही. शिवाय नोंदणी व परवाना नको असेल तर मोटर २५० वॅटची आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आतच हवा. नियम वाजवी आहे; पण त्या वेगाने नाशिक महामार्गावर कंटेनरच्या कुशीतून जायचे कोणी? पुणे महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. कागदावर तो उत्तमच आहे.

शासनाची दृष्टी करांतून दिसते. ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवर ५ टक्के जीएसटी आहे, आणि त्यात लाखो रुपयांची मोटारही आली. साध्या, पायांनी चालणाऱ्या सायकलीवर मात्र सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्के आकारले जात होते! धूर नको, हे कारण खरे मानावे, तर मुळातच धूर न सोडणाऱ्या वाहनाला सहा वर्षे दुपटीहून अधिक कर कशासाठी?

या सायकलीच्या कौतुकात बसचा प्रश्न बुडवू देता कामा नये. जून २०२५ मध्ये पीएमपीएमएलचा मासिक पास ९०० रुपयांवरून १५०० वर गेला. ज्याच्यापाशी सायकलीचे पंचवीस-तीस हजार एकरकमी नाहीत, त्याला हाच पास काढावा लागतो. आणि रात्री उशिरा बस मिळणे कठीणच असते.

कायम कामगारांना कंपनीची गाडी, कंत्राटी कामगाराला रस्ता, अशी वाटणी अनेक कारखान्यांत रूढ झाली आहे. कारखान्याच्या वाहनतळावर बॅटरी भरण्याची सोय असेल, तर वर सांगितलेली अट निम्म्याने हलकी होते आणि थकल्या पायांना परतताना मोटरचा आधार मिळतो. मालकाला त्याची माणशी वीज दिवसाला पाच रुपयेही पडणार नाही. कामगार संघटनांनी ही सोय पुढच्या मागणीपत्रात घालावी आणि ती कंत्राटी कामगारालाही लागू असेल, असे त्यात स्पष्ट लिहावे.