स्वागताध्यक्षांचे भाषण

माननीय उद्‌घाटक, परिषदेचे अध्यक्ष, ठिकठिकाणांहून आलेले प्राध्यापक, संशोधक, विद्यार्थी आणि माझ्या मालवणकर बंधुभगिनींनो,

पेशीतील अंगके आणि पटले या विषयावरची परिषद मालवणात भरते आहे. गावाच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत.

समोर दिसतो तो सिंधुदुर्ग. 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर त्याचे बांधकाम सुरू झाले. पायाच्या दगडांत शिसे ओतले होते. आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायांचे ठसे आहेत आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूकडे खारा समुद्र आणि तटाच्या आत गोडे पाणी. जिवंत पेशीही काहीशी अशीच असते ना? बाहेर सोडियम फार, आत पोटॅशियम फार, आणि मधे एवढेसे पटल. फरक एवढाच की, तट एकदा बांधला की उभा राहतो, पेशीला मात्र हा भेद क्षणोक्षणी राखावा लागतो. त्यासाठी पटलात एक पंप असतो. तो दर फेरीला 3 सोडियम बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो, आणि त्याला लागणारे एटीपी मुख्यतः मायटोकाँड्रिया पुरवतात.

हा पंप डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी 1957 मध्ये दाखवला, तो खेकड्याच्या पायातल्या नसांवर काम करून. 1997 साली त्यांना त्याबद्दल नोबेल मिळाले. आमच्या बाजारात रोज सकाळी कुर्ल्यांच्या टोपल्या उतरतात. त्या टोपलीतल्या जिवाच्या भाऊबंदाने एवढे मोठे ज्ञान दिले, ही गोष्ट मी प्रत्येक मच्छीमार बंधूला सांगत आलो आहे.

पण आज मला मनापासून बोलायचे आहे ते डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्याविषयी. 18 नोव्हेंबर 1884 रोजी ते याच मालवणात जन्मले. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना त्यांनी सह्याद्रीतल्या नदीत गोड्या पाण्यातली जेलीफिश शोधली. त्या वंशातली जेलीफिश तोवर फक्त आफ्रिकेतच माहीत होती. पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची निवड झाली. अभ्यासासाठी ते जर्मनीला गेले, तोच पहिले महायुद्ध पेटले आणि त्यांना तिथे स्थानबद्ध व्हावे लागले. तरी बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच ते परतले. कलकत्त्याहून निवृत्त झाल्यावर आराम करायचा सोडून त्यांनी 1946 मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची उभारणी हाती घेतली. तिची संशोधन संस्था 1992 पासून त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुण्यात त्यांचे नाव असे रोज घेतले जाते आणि त्यांच्या जन्मगावच्या शाळकरी पोरांना ते ठाऊक नसते, याचे मला वाईट वाटते. त्यांचे तैलचित्र आज या व्यासपीठावर मुद्दाम ठेवले आहे. आपण ज्या हिरव्या चकाकत्या प्रथिनाने पेशीची अंगके उजळून पाहता, तेही एका जेलीफिशकडूनच आले आहे. ती अमेरिकेच्या किनाऱ्यावरची, समुद्रातली आणि निराळ्या जातीची, हे मला माहीत आहे. तरीही जेलीफिशचा उल्लेख निघाला की मला आघारकरच आठवतात.

आता व्यवस्थेविषयी. मालवणला मोठे सभागृह नाही, म्हणून हा मांडव. दुपारी उकडेल. वीज गेली तर जनरेटर सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे लागतील, तोवर वक्त्यांनी कृपया थांबावे. खोल्या तीन वाड्यांमध्ये विखुरल्या आहेत आणि पाणी सकाळी लवकर येते. त्यात आपली गैरसोय होईल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. पोस्टर लावायच्या पडद्यांवर खाऱ्या हवेने ओल धरते, म्हणून पंखे वाढवले आहेत.

ज्यांच्या मदतीशिवाय हे उभे राहिले नसते, त्यांचे आभार मानतो. नारळ, तांदूळ आणि कोकम देणारे बागायतदार, रोज पहाटे ताजी मासळी पोचवणारे रापणकार बंधू, शाकाहारी पाहुण्यांसाठी वेगळी चूल मांडून सोलकढीपासून घावण्यांपर्यंत सारे करणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, आपल्या घरच्या खोल्या रिकाम्या करून देणारी वाड्यावाड्यांतली कुटुंबे, मंडपवाले, ध्वनिक्षेपकवाले, आणि नाव छापू नका अशा अटीवर मोठी रक्कम देणारे मुंबईकर चाकरमानी. आज रात्री दशावताराचा खेळ करणाऱ्या मंडळींनी बिदागी घ्यायला नकार दिला आहे, त्यांचेही ऋण मानतो.

उद्या दुपारी किल्ल्याकडे होड्या सुटतील. समुद्र खवळलेला असल्यास जाणे रद्द होईल, म्हणून नावे आजच स्वागतकक्षात नोंदवावीत. आता मी माननीय उद्‌घाटकांना दीपप्रज्वलनासाठी विनंती करतो.