खाणकामगाराची लेक : लोरेटा लिन



या व्यासपीठावर पंडित बोलावयास येतात. मी युनियनचा माणूस. माझे शिक्षण गेटसभांत आणि कामगारांच्या वाचनालयात झाले. असा माणूस अमेरिकेतल्या एका गायिकेविषयी काय सांगणार, असे आपणांस वाटले असेल. परंतु या बाईच्या गाण्यांत मला मजुराच्या घराचा जमाखर्च सापडला, म्हणून मी हा विषय घेतला.

लोरेटा लिन हिचा जन्म १४ एप्रिल १९३२ रोजी केंटकी राज्यातील बुचर हॉलो नावाच्या डोंगरघळीत झाला. आठ भावंडांत ती दुसरी. वडील मेल्व्हिन वेब कोळशाच्या खाणीत राबत आणि उरल्या वेळात थोडीबहुत शेती करीत. जवळचे व्हॅन लिअर हे गाव खाणकंपनीने वसविलेले. त्या मुलखातल्या अशा गावांत घरे कंपनीची, दुकानही कंपनीचे. पुष्कळ ठिकाणी मजुरीपोटी कंपनीचीच नाणी मिळत आणि ती कंपनीच्या दुकानाखेरीज कोठे चालत नसत. एका खिडकीतून दिलेला पगार दुसऱ्या खिडकीतून परत घ्यावयाचा, असा तो व्यवहार!

१९४८ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, लोरेटाचे लग्न झाले. नवरा ऑलिव्हर लिन तिला दूर वॉशिंग्टन राज्यात घेऊन गेला. विशीपर्यंत पदरात चार मुले. १९५३ साली नवऱ्याने १७ डॉलरची एक गिटार आणून दिली आणि ती बाई आपली आपणच ती वाजवावयास शिकली. १९६० साली एका लहानशा कंपनीने तिची पहिली तबकडी काढली. तेव्हा हे जोडपे तबकड्या मोटारीत घालून गावोगावच्या रेडिओ केंद्रांची दारे ठोठावीत हिंडले. गाणे कंट्री गीतांच्या यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत चढले. त्याच वर्षी नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या, १९२५ पासून चाललेल्या रेडिओ कार्यक्रमात ती प्रथम गायिली. वडील मात्र १९५९ सालीच वारले होते. लेकीची तबकडी त्यांच्या कानी पडली नाही.

पुढे तिने ‘कोल मायनर्स डॉटर’, म्हणजे कोळसा-कामगाराची मुलगी, हे गाणे रचले. त्यात बापाचे कष्ट आहेत आणि कपडे घासून सोललेली आईची बोटेही आहेत. १९७०च्या डिसेंबरात ते यादीत पहिले आले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला केंटकीतील हायडन गावाजवळच्या खाणीत स्फोट होऊन ३८ कामगार ठार झाले. खाणसुरक्षेच्या नव्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही होऊन त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते. कायदा कागदावरून खाणीच्या तळाशी आपोआप उतरत नाही, हे त्या ३८ घरांना कळले. लोरेटाने १९७१ साली लुइव्हिल शहरी त्या कामगारांच्या मुलांसाठी मदतीचा जलसा केला.

१९७२ साली कंट्री संगीत संघाचा वर्षातील सर्वोत्तम कलावंताचा मान तिला मिळाला. तो मिळविणारी ती पहिली स्त्री. १९७५ साली संततिनियमनाच्या गोळीवरचे तिचे गाणे निघाले, तेव्हा कित्येक रेडिओ केंद्रांनी ते लावावयाचे नाकारले. तरी ते यादीत वर चढलेच. कारण ज्यांच्यासाठी ते होते त्या बायकांना अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

ती आमच्या चळवळीतली बाई नव्हती, हेही सांगितले पाहिजे. निवडणुकीत तिने रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारांचा प्रचार केला. माझे-तिचे राजकारण जुळले नसते. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी, नव्वदाव्या वर्षी, ती वारली. परंतु तिने मला एक गोष्ट शिकविली. वर्गणीसाठी मी वर्षानुवर्षे चाळींतून हिंडलो. दार बाईने उघडले की, “मालक आहेत का घरात?” एवढेच विचारून मी मान वळवीत असे. पगार किती मिळाला ते मालक सांगत. तो विसाव्या तारखेनंतर कसा पुरविला, हे ज्या बाईला ठाऊक, तिला मी कधी विचारले नाही. आमच्या मागण्यांच्या कागदांत महागाईचे आकडे होते, ती बाई नव्हती. संप लांबला की चूल सांभाळणारी तीच, आणि ‘घरातून दबाव येतो’ म्हणून आम्ही दोष द्यावयाचा तोही तिलाच!

लोरेटाने तो घरातला हिशोब चारचौघांत मोठ्याने वाचून दाखविला. आता दार उघडले की मी, “बाई, महिना कसा गेला?” असे विचारतो आणि उत्तर संपेपर्यंत दारात उभा राहतो. बहुधा मला बराच वेळ उभे राहावे लागते.