डोराचा नकार



सिद्धेश्वरच्या व्याख्यानमालेत युनियनचा माणूस मनोविश्लेषणावर काय बोलणार, अशी शंका कोणास आली असेल. आम्ही कॉलेज पाहिले नाही. पण गाऱ्हाणी ऐकण्यात आमची हयात गेली, आणि हे शास्त्रही मुळात गाऱ्हाणी ऐकण्याचेच आहे.

१९०० साली व्हिएन्नात फ्रॉइडसाहेबांकडे एका अठरा वर्षांच्या मुलीला तिच्या वडिलांनी पाठविले. पुस्तकात तिचे नाव डोरा. वडिलांच्या स्नेह्याने तिच्याशी लगट केली होती. वडिलांना ते खरे वाटेना. फ्रॉइडना वाटले, पण त्यांनी तिलाच ऐकविले की, तुझेही मन त्याच्यावर आहे. ती 'नाही' म्हणाली, तर तो नकार म्हणजेच होकार! ही चाल आमच्या ओळखीची. मजूर गप्प बसला तर सुखी, ओरडला तर कोणीतरी चिथावलेला. ३१ डिसेंबरला तिने 'आज शेवटचे' म्हणून सांगितले. पंधरा दिवसांपूर्वीच ठरविले होते म्हणाली. ही तर मोलकरणीच्या नोटिशीची मुदत, असे फ्रॉइडना वाटले. उपमा त्यांनाच सुचावी, हे आम्हांस बोलके वाटते.

१९०५ साली हकीकत छापताना त्यांनी कबूल केले की, दुसऱ्यावरचा राग मुलीने आपल्यावर काढला आणि तो आपण वेळीच ओळखला नाही. हे भावसंक्रमण. शोध मोठाच. तरी चिकित्सकाने आरशासारखे असावे, असे त्यांनी १९१२ साली लिहिले.

आरसा सर्वांना मानवला नाही. १९२२ साली कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था काढणारे गिरींद्रशेखर बोस रुग्णाला परस्परविरोधी इच्छांच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने उभे राहायला लावीत. त्यात गुरूची छाया दिसते. आणि गुरूला 'नाही' म्हणणे तर आणखी कठीण! बुडापेस्टचे फेरेन्झी दुसऱ्या टोकाला गेले. १९३२ साली त्यांनी रुग्णाकडूनच आपले विश्लेषण करवून पाहिले. ते निभले नाही.

१९५० साली पॉला हायमन यांनी मांडले की, रुग्णाचे ऐकताना चिकित्सकाच्या मनात उठणारा राग किंवा धास्ती हे रुग्णाला समजण्याचे साधन आहे. मात्र ते त्याच्यापुढे बोलून दाखवायचे नाही. आम्हांस हे पटते. एखादा कामगार बोलू लागताच आमचा जीव गुदमरतो, तेव्हा कारखान्यात त्याचा किती गुदमरतो ते कळते.

डोरा १९०२ साली एकदा परत आली होती. फ्रॉइडनी तिचा चेहरा पाहिला आणि हिला खरोखर उपचार नको आहेत, असे ठरविले.