आधी कर्ता, मग क्रियापद

भिलाईतल्या मराठी घरांत हिंदी आणि छत्तीसगढीही सहज बोलल्या जातात. या तिन्ही भाषांत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं. इंग्रजीत ते कर्त्यापाठोपाठ येतं आणि कर्म त्यानंतर. आपल्या मुलांची वाक्यं अडखळतात ती बहुतेक इथेच.

मग येतात 'अ', 'अ‍ॅन' आणि 'द'. मराठीत ही उपपदं नाहीत. 1955च्या करारानंतर इथला पोलाद कारखाना ज्या सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीनं उभा राहिला, त्यांच्या रशियनमध्येही नाहीत. तेव्हा ती चुकली म्हणून मुलांवर रागावू नका. नियम समजावून सांगा. 'अ' की 'अ‍ॅन' हे स्पेलिंगवर नव्हे, उच्चारावर ठरतं : 'अ युनिव्हर्सिटी', पण 'अ‍ॅन अवर'.

'द फर्नेस इज हॉट, कीप अवे' यात दोन पूर्ण वाक्यं आहेत. नुसता स्वल्पविराम त्यांना जोडू शकत नाही; तिथे पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा. मराठी गद्यात ही विरामचिन्हं रुजवण्यात एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा होता.

आणि हो, 'डिस्कस'नंतर 'अबाउट' लावू नका. 'वी डिस्कस्ड द प्लॅन' एवढं पुरेसं आहे.