स्पोर्ट्स मोटारीच्या गिअरबॉक्सला तेल कोणतें?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांना थोडें नवल वाटेल. वैनगंगेच्या काठचें पवनी हें गांव जुना किल्ला, बौद्ध स्तूपांचे अवशेष आणि कोष्ट्यांचे माग यांकरितां ओळखलें जातें. तेथल्या माणसानें स्पोर्ट्स मोटारीच्या तेलाविषयीं बोलावें हें कांहींसें विपरीतच दिसेल. परंतु तेलाची पारख आपल्याकडे मोटारीबरोबर आली असें मुळींच नाहीं. बैलगाडीच्या आंसाला वंगण घालणाऱ्या गाडीवानाला ती होती, आणि दारांना रंग देणाऱ्या रंगाऱ्यालाही होती.

जवस हें तर आपल्या विदर्भाचें घरचें पीक. जवसाचें तेल पातळ थरांत उघडें राहिलें कीं हवेंतील प्राणवायु घेऊन वाळतें आणि त्याचा कडक पापुद्रा बनतो. रंगाऱ्याला हाच गुण हवा असतो. आंसाला मात्र तो घातक. एरंडेल वाळत नाहीं, दाट आणि चिवट राहतें. तें रंगाला निरुपयोगी, पण वंगणाला उत्तम. इतकें उत्तम कीं, १९०९ सालीं इंग्लंडांतील वेकफील्ड यांच्या कंपनीनें मोटारी व विमानें यांच्या एंजिनांसाठीं जें नवें तेल काढलें त्यांत एरंडेल मिसळलेलें होतें, आणि ‘कॅस्ट्रॉल’ हें त्याचें नांव एरंडेलाच्या ‘कॅस्टर ऑइल’ या इंग्रजी नांवावरूनच पडलें. तेव्हां चांगलें तेल कोणतें, या प्रश्नाला एकटें उत्तर नाहीं. कोणत्या कामाला चांगलें, असें विचारावें लागतें. गिअरबॉक्सच्या बाबतींत हा प्रश्न विचारण्याचा लोक कंटाळा करतात, आणि सर्वांत महागडा डबा तोच सर्वांत चांगला असें समजून चालतात. त्याची किंमत पुढें गाडीला द्यावी लागते.

हातानें गिअर बदलण्याच्या गाडींत तेलाला दोन परस्परविरुद्ध कामें करावीं लागतात. पहिलें काम दंतचक्रांचे दांत एकमेकांवर घासूं न देण्याचें. स्पोर्ट्स मोटारींत हा भार मोठा असतो, कारण तिचा चालक वेग झपाट्यानें वाढवितो आणि तितक्याच झपाट्यानें उतरवितो. दुसरें काम याच्या अगदीं उलट. क्लच दाबून आपण गिअर बदलतों तेव्हां जीं दोन अंगें एकमेकांत अडकावयाचीं तीं निरनिराळ्या वेगानें फिरत असतात. त्यांचे वेग जुळविण्याचें काम बहुधा एक लहानसें पितळी कडें करतें. त्यास सिंक्रोनायझर म्हणतात. शंकूच्या आकाराच्या पृष्ठावर हें कडें दाबलें जातें आणि क्षणभर ब्रेकसारखें घासतें. या घासण्यानेंच वेग जुळतात व गिअर मुकाट्यानें पडतो. ही योजना कॅडिलॅक गाडींत १९२८ सालीं आली; त्यापूर्वीं चालकाला दोन वेळां क्लच दाबून स्वतःच्या कानानें वेग जुळवावे लागत.

आतां अडचण ध्यानांत घ्या. दांतांवर तेलानें ठाम उभें राहावयाचें, आणि कड्याखालून मात्र त्यानें चटकन बाजूला व्हावयाचें. तेल गरजेपेक्षां निसरडें असलें तर कडें पकड घेत नाहीं. गरजेपेक्षां दाट असलें तर तें वेळेवर सरत नाहीं. दोन्ही प्रकारीं गिअर करकरतो, आणि प्रत्येक करकरीबरोबर त्या कड्याचें आयुष्य थोडें थोडें झिजतें. म्हणून येथें तेलाचा अतिरेकी गुण हाही दोषच ठरतो.

डब्यावर जे आकडे असतात त्यांचा अर्थ आतां पाहूं. ‘७५डब्ल्यू-९०’ यांतील डब्ल्यू हें अक्षर हिवाळ्याचें. ७५डब्ल्यू तेल शून्याखालीं ४० अंशांपर्यंत एका ठराविक दाटपणाच्या आंत राहतें. ८०डब्ल्यू तेलाची ती मर्यादा शून्याखालीं २६ अंशांची आहे. दुसरा आंकडा १०० अंश सेंटिग्रेडवरचा दाटपणा सांगतो : ८० अंकाचें तेल तेथें ८.५ ते ११ सेंटिस्टोक भरतें, तर ९० अंकाचें १३.५ ते १८.५. एंजिनच्या तेलाचें माप मात्र निराळें आहे. एंजिनचें ४० अंकाचें तेल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असतें, म्हणजे गिअरच्या ९० अंकाच्या बरेंच जवळ. ९० हा ४०च्या दुपटीहून मोठा म्हणून तें तेल दुपटीहून दाट, असें समजणें म्हणजे शेरानें मोजलेलें धान्य पायलीनें मोजलेल्या धान्याशीं ताडून पाहण्यासारखें आहे.

आमच्या भागांत पारा शून्याखालीं जात नाहीं. मग पहिल्या आंकड्याचें आम्हांस काय, असें कोणी विचारील. पौषांतल्या पहांटे गाडी काढून पाहावी. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जातांना दांडी जड लागते ती तेल थंड आहे म्हणूनच, आणि ७५डब्ल्यू तेलानें हा जडपणा बहुधा कमी होतो. उन्हाळ्यांत याच्या उलट मोह होतो. मे महिन्यांत आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या घरांत जातो; भिवापूर, उमरेड करीत भर दुपारीं नागपूर गांठावयाचें म्हणजे दाट तेल बरें, असें वाटतें. परंतु गिअरबॉक्समधील तेल चालत्या गाडींत बाहेरच्या हवेहून पुष्कळच अधिक तापतें, आणि कारखान्यानें दुसरा आंकडा ठरवितांना तो ताप हिशेबांत धरलेला असतो. आपल्या मनानें दोन पायऱ्या दाट तेल घातल्यास दांतांना फायदा थोडा, कड्यांचें नुकसान मोठें.

आंकड्यांहूनही अधिक घोटाळा होतो तो ‘जीएल-४’ आणि ‘जीएल-५’ या खुणांनीं. पांच हे चारांहून थोर, ही आपली बाळबोध समजूत. वस्तुतः या दोन निरनिराळ्या कामांच्या खुणा आहेत. १९२६ सालीं पॅकर्ड मोटारींत मागच्या आंसाला हायपॉइड नांवाचीं दंतचक्रें आलीं. त्यांचे दांत एकमेकांवर नुसते लोळत नाहींत, दाबाखालीं लांबवर घसरतात. तो दाब सोसण्यासाठीं तेलांत गंधक व स्फुरद यांचीं द्रव्यें अधिक प्रमाणांत घालावीं लागतात. तापलेल्या जागीं हीं द्रव्यें लोखंडाशीं संयोग पावून पातळसें कवच तयार करतात आणि दांत वांचवितात. जीएल-५ हें तेल मुख्यतः या कामाचें. पण पितळेंत तांबें असतें, आणि गंधक व तांबें यांचें सख्य नाहीं, हें देवघरांतलीं काळवंडलेलीं भांडीं घांसणाऱ्या कोणत्याही गृहिणीस ठाऊक आहे. आजच्या चांगल्या जीएल-५ तेलांत तांब्याला जपणारीं द्रव्येंही असतात हें खरें. तरी कड्याला लागणारी पकड त्यांत असेलच असें नव्हे. पितळी कड्यांच्या गिअरबॉक्सला पुस्तिकेंत जीएल-४ सांगितलें असेल तर जीएल-४च घालावें.

याचें उदाहरण आपल्या शेजारच्या गोमंतकांतलें देतों. १९९८च्या सुमारास ‘सान स्टॉर्म’ नांवाची दोन आसनांची, उघड्या टपाची, फायबरग्लासच्या अंगाची एक छोटी स्पोर्ट्स मोटार तेथें तयार होऊं लागली. तिचें एंजिन फ्रान्समधील रेनो कंपनीचें, १,१४९ घन सेंटिमीटरचें, सुमारें ६० अश्वशक्तीचें. गाड्या थोड्याच निघाल्या आणि पुढें त्यांचें उत्पादन थांबलें. आज अशी गाडी ज्याच्या घरीं आहे त्याला नवीं कडीं कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळावयाचीं नाहींत. गाडी हलकी, एंजिन लहान, भार बेताचा; असें असतां ‘स्पोर्ट्स मोटार आहे, जबरदस्त तेल घाला’ म्हणून कोणीं जीएल-५चें दाट तेल सुचविलें तर मालकानें जरा थांबावें. अशा आडव्या एंजिनाच्या, पुढच्या चाकांनीं ओढणाऱ्या गाड्यांत गिअर आणि शेवटचीं दंतचक्रें एकाच पेटींत असतात, आणि तीं शेवटचीं चक्रें साध्या तिरप्या दांतांचीं असतात, हायपॉइड नसतात. ज्या रोगाचें तें औषध, तो रोगच येथें नाहीं. रेनोच्या त्या काळच्या लहान गाड्यांच्या हातगिअरला ७५डब्ल्यू-८० असें पातळसें तेल सांगितलें जाई, त्याचें कारण हेंच.

उलट, ज्या स्पोर्ट्स मोटारीचें एंजिन पुढें आणि ओढ मागच्या चाकांवर, तिच्यांत गिअरबॉक्स वेगळा व मागचा आंस वेगळा असतो. तेथें दोन जागांना दोन तेलें लागूं शकतात. एकच डबा दोन्हींकडे ओतण्याची काटकसर करूं नये. होंडासारखे कांहीं कारखाने आपल्या गिअरबॉक्सला आपलेंच एमटीएफ नांवाचें पातळ तेल सांगतात. तेथें ९० अंकाचा आग्रह धरूं नये. सारांश, पहिला अधिकार पुस्तिकेचा. पुस्तिका हरवली असेल तर त्या गिअरबॉक्सचा मूळ कारखाना कोणता हें शोधावें. मिस्त्रीचा सल्ला जरूर घ्यावा, पण कोणत्या खुणेचें तेल आणि कां, हें त्याला विचारावें.

तेल बदलतांना थोडी काळजी. गाडी सपाट जागीं उभी करावी, तेल कोमट असतां काढावें, आणि खालचा प्लग काढण्यापूर्वीं तेल भरण्याचा वरचा प्लग सैल होतो कीं नाहीं हें पाहून घ्यावें. तो अडून बसला तर रिकामी पेटी घेऊन गाडी तेथेंच राहते. काढलेलें तेल पांढऱ्या भांड्यांत उजेडाला धरावें. लोखंडाची बारीक काजळी दिसली तर तें वयाचें लक्षण. सोन्यासारखी चमचम दिसली तर तें पितळ आहे, आणि कडीं झिजत आहेत. ती चमक दिसल्यावर तरी डब्यावरची खूण पुन्हां वाचावी.

आणखी एक विनंति. हें काळें तेल गटारींत ओतूं नका. आमच्या गांवचें गटार वैनगंगेला मिळतें, तुमच्या गांवचें कोणत्या तरी दुसऱ्या नदीला मिळत असेल. बंद डब्यांत भरून तें जुनें तेल शुद्ध करणाऱ्यांकडे पोंचेल अशी व्यवस्था करावी.