बीम आहे का?



घरची वीज गेली की आपण गॅलरीतून शेजाऱ्याला विचारतो, "तुमच्याकडे आहे का?" इंदूरला सुखनिवास तलावाच्या परिसरात राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. तिथे प्रयोगासाठी आलेला संशोधक फोन उचलून असंच विचारतो, "बीम आहे का?"

बीम म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत. इंडस-2 हे तिथलं सुमारे एकशे साडेबहात्तर मीटर घेराचं कडं. त्यातल्या नळीतून हवा जवळजवळ पूर्ण उपसून काढलेली असते आणि इलेक्ट्रॉन तिच्यात प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ जाऊन धावतात. सेकंदाला 17 लाखांहून जास्त फेऱ्या! चुंबकांनी त्यांना वळवलं की प्रत्येक वळणावर ते प्रकाश सांडतात. त्यातल्या क्ष-किरणांनी कुणी स्फटिकाची रचना बघतं, कुणी प्रथिनाची, कुणी धातूची. प्रयोगांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. मला आज त्या झोताच्या राखणीबद्दल बोलायचं आहे.

असा प्रकाश यंत्रातून बाहेर पडताना माणसाला पहिल्यांदा दिसला तो एप्रिल 1947 मध्ये, अमेरिकेत स्केनेक्टडी गावच्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत. त्या यंत्राची नळी काचेची होती. आत ठिणग्या उडतायत की काय, हे पाहायला एक तंत्रज्ञ काँक्रीटच्या भिंतीआडून आरसा धरून बघत होता. त्याला लख्ख उजेड दिसला आणि यंत्र बंद करा म्हणून त्याने सांगितलं. म्हणजे या प्रकाशावरचं पहिलं उपकरण एक आरसा, आणि त्याचं पहिलं नियंत्रण म्हणजे 'बंद करा'! पुढे उपकरणं हजारांनी वाढली, पण काम तेच राहिलं: जिथे माणसाला उभं राहता येत नाही तिथलं बघायचं, आणि वेळेवर बोलायचं.

बघायचं कसं? नळीच्या आतल्या बाजूला चार छोट्या धातूच्या चकत्या बसवतात. त्यांना बटनंच म्हणतात. झोत जवळून गेला की चारींवर विजेचा इशारा उमटतो. ज्या बटनाजवळून झोत गेला त्याचा इशारा जोरकस, लांबच्याचा क्षीण. फरक मोजला की झोत कुठे सरकलाय ते कळतं. कड्यावर अशी बटनं जागोजागी असतात. त्यांचे आकडे संगणकाकडे जातात, संगणक हिशेब करतो आणि छोट्या सुधारक चुंबकांना सांगतो, तू थोडा ढकल, तू थोडा ओढ. हे थोडं म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबातलं.

एवढी चिकाटी कशाला, असं वाटेल. जपानमधल्या स्प्रिंग-8 या 1436 मीटर घेराच्या कड्याचं उदाहरण घ्या. चंद्रसूर्याच्या ओढीने समुद्रालाच नव्हे, जमिनीलाही भरती येते. तिच्याबरोबर हे अख्खं कडं मिलिमीटरच्या काही शतांशांनी ताणतं नि आखडतं, आणि झोताच्या मोजमापात ते दिसतं! मग इलेक्ट्रॉनांना ऊर्जा देणाऱ्या रेडिओलहरींची वारंवारता त्या हिशेबाने बदलत राहावी लागते. तिथिवार पाहून उपास करणाऱ्या आपल्या आज्यांना हे ऐकून आनंदच झाला असता.

इंडस-2 मध्ये खरी कसोटी लागते ती चढणीला. इलेक्ट्रॉन कड्यात शिरतात तेव्हा त्यांची ऊर्जा असते 55 कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट. ती न्यायची अडीचशे कोटींवर. ऊर्जा वाढली की इलेक्ट्रॉन वळायला जड होतात, म्हणून चुंबकांचा जोरही त्याच मापाने वाढवायचा. वळवणारे चुंबक 16, झोत एकवटून धरणारे 72, शिवाय बारीकसारीक दुरुस्तीचे वेगळे. सगळ्यांचा प्रवाह एका तालात चढला पाहिजे. पालखी घाटाला लागली की एका भोयाचा पाय उशिरा पडूनही पालखी कलंडते, तसंच. एखादा वीजपुरवठा मागे पडला की झोत नळीच्या भिंतीवर आपटून संपतो, आणि भरणी पहिल्यापासून. म्हणून प्रत्येक पुरवठ्याजवळच्या कार्डात चढणीचा तक्ता आधीच भरून ठेवतात आणि वरून एकच टिचकी सगळ्यांना एकदम पोचवतात. नियंत्रण कक्षातला संगणक कितीही वेगवान असो, दर पावलाला त्याला विचारत बसलं तर उशीर होणारच.

या यंत्रांसाठीची सॉफ्टवेअरही मोठी फिरस्ती. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या प्रकाशस्रोतासाठी 'टँगो' नावाची प्रणाली सुरू झाली. तिच्या आधारे आज आपल्या नारायणगावजवळ, खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेनांचं नियंत्रण उभं राहिलं आहे. एकीकडे इलेक्ट्रॉन, दुसरीकडे आकाशगंगा. यंत्र हाकणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हीकडे शेकडो मोटारी, पुरवठे, आकडे नि इशारेच.

पण माझा जीव अडकतो तो या सगळ्यातल्या सर्वात साध्या व्यवस्थेत. झोत चालू असताना बोगद्यात माणूस असता कामा नये. त्यामुळे अशा यंत्रांत झोत सोडण्याआधी एक जण बोगदाभर चालत जातो. ठरावीक जागी भिंतीवर बटनं असतात, ती ठरलेल्या क्रमानेच दाबायची. म्हणजे प्रत्येक कोपऱ्यापर्यंत माणूस खरंच गेला, याची खात्री यंत्राला होते. क्रम चुकला किंवा मध्येच दार उघडलं, तर पुन्हा पहिल्यापासून. मोबाइल, कॅमेरे, संगणक सगळं हाताशी असूनही हे काम पायांवरच सोपवलेलं आहे, आणि ते बरंच आहे.

चुंबकांच्या मागे, केबलच्या ट्रेखाली डोकावत तो विचारत जातो, "कोणी आहे का?" उत्तर येत नाही. तो बाहेर येतो, दार लावतो, किल्ली नियंत्रण कक्षातल्या पॅनेलमध्ये फिरवतो. तोवर तिकडे फोन वाजायला लागलेला असतो.